शेख सरांचा तक्ता आणि भाभींची गोधडी

आमच्या सावेडीच्या इमारतीत कुणी जिन्यात भेटलं की "झालं का जेवण?" असं विचारायची पद्धत आहे. वरच्या मजल्यावरचे शेख सर मात्र "लिव्हर काय म्हणतंय?" असं विचारतात. एका लग्नात त्यांनी हे थेट नवरदेवाला विचारलं. तो बिचारा मित्रांकडे बघत कावराबावरा झाला.

सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम धरतात, सरांनी यकृत धरलं. चुका सुधारायची खोड मात्र सुटली नाही. भाजीवाल्यानं टोमॅटोला भाजी म्हटलं तरी ते थांबून सांगतात, "चूक. फळ आहे ते."

एकदा मी सहज विचारलं, की लिव्हर कडक होतं म्हणजे नेमकं काय होतं? सर मला हाताला धरून वरच घेऊन गेले. भिंतीवर लाल-हिरव्या चौकटींचा भलामोठा तक्ता होता. मला ते चादरीचं डिझाईन वाटलं.

"उभी रांग म्हणजे एक माणूस," सर म्हणाले. "डावीकडं निरोगी, मधे सिरॉसिस, म्हणजे कडक झालेलं लिव्हर, उजवीकडं कॅन्सर. आडवी रांग म्हणजे एक जीन. बोलतेय ती लाल, गप्प आहे ती हिरवी."

"म्हणजे आजारी माणसाच्या जीन्सच वेगळ्या?"

"चूक. बहुतेक त्याच. कुणी बोलायचं नि कुणी गप्प बसायचं, तेवढं बिघडतं. सिरॉसिसमध्ये व्रण विणणाऱ्या जीन्स थांबायलाच तयार नसतात. कॅन्सरमध्ये तर, आपण आईच्या पोटात असताना बोलून नंतर गप्प झालेल्या काही जीन्स परत तोंड उघडतात. का उघडतात? बघायला पाहिजे."

आपल्या पोटात एवढी बोलाचाली चालते आणि आपल्याला पत्ता नसतो, याची मला मोठी गंमत वाटली.

"आणि दारू न पिणाऱ्यालाही होतं, बरं का," सर म्हणाले. मी दारूचं नावही काढलं नव्हतं.

शमीमभाभी, म्हणजे सरांची बायको, तिथंच जमिनीवर बसून गोधडी शिवत होत्या. त्या मूळच्या कोल्हारच्या. बघतो तर गोधडीवर सरांचाच तक्ता उतरत होता. डावीकडं हिरवे तुकडे, मधे लाल. उजवीकडं मात्र पुन्हा हिरवे.

मला शहाणपण सुचलं. "भाभी, उजवीकडं तर आणखी लाल पाहिजे ना?"

भाभींनी सुई थांबवली नाही. "तक्त्यात दुसरी मानसं हायेत, भाऊ. ही माझी गोधडी हाय. मधल्या रांगेत मी हाय. दारूचा थेंब न घेता झालं, पन लोक भलतंच बोलतील म्हनून कुनाला सांगितलं न्हाई. परवा सोनोग्राफी हाय, गाठ झालीय का बघायला. म्होरं मी हिरवंच लावनार."

सगळ्यांना लिव्हर विचारत फिरणारा हा माणूस स्वतःच्या घरात किती भ्यालेला होता, ते मला तेव्हा कळलं.

मी सरांच्या "चूक"ची वाट बघत होतो. ते हळूच भाभींशेजारी बसले.

"हिरवं कमी पडेल," ते म्हणाले. "माझा ईदचा कुडता आहे बघ, तो फाड."