हिरव्यातला काटा

मुलांनो, ज्या जंगलाची ही गोष्ट आहे, तिथे सिंह राजा होता, लांडगा वाहतूक खात्याचा प्रमुख होता आणि अस्वल ट्रक चालवत असे. जंगलात ट्रक कुठून आला, असं विचारू नका. वाहतूक खातं म्हटलं की एखादा तरी ट्रक ठेवावाच लागतो.

अस्वलाचं नाव दगडोबा. ट्रक डिझेलचा, पाठीवर पाण्याची मोठी टाकी. नदी खाली होती, पठार वर होतं आणि मध्ये घाट. उन्हाळ्यात पठारावरचं तळं आटलं की सांबरं, नीलगायी आणि त्यांची पाडसं या ट्रकची वाट बघत. दिवसाला एक खेप. ती चुकली तर पाडसं तळाची ओली माती चाटत.

आदल्या उन्हाळ्यात खात्याचा दुसरा ट्रक असाच घाटात गेला होता. गेला म्हणजे वर गेला नाही, कायमचा गेला. इंजिन उघडलं तेव्हा आतला पिस्टन मेणासारखा वितळलेला निघाला. खात्याने चौकशी केली आणि दोष उन्हाचा ठरवला. उन्हावर कारवाई मात्र झाली नाही, कारण ते दुसऱ्या खात्याकडे होतं.

आता एकच ट्रक उरला होता. दगडोबाला त्याची धास्ती होती. म्हणून तो ट्रक घेऊन साळूअक्काकडे गेला. साळूअक्का म्हणजे साळिंदर, जंगलातली एकुलती एक मिस्त्री. बोलणं टोचणारं, पण हाताला गुण होता.

अक्काने त्याला समजावलं. चढावर गाडी भरलेली असते, पाय अ‍ॅक्सिलेटरवर दाबलेला असतो, आणि इंजिनातून निघणारा धूर भट्टीसारखा तापतो. रेडिएटरच्या पाण्याचा मीटर तेव्हा निवांत असतो. त्याला बातमी कळेपर्यंत पिस्टन वितळून गेलेला असतो. म्हणून धुराचाच ताप मोजायचा, आणि धूर इंजिनातून बाहेर पडतो तिथेच मोजायचा.

"मोजल्याने ताप उतरेल का, अक्का?" दगडोबाने विचारलं.

"मोजल्याने नाही उतरत रे. मोजलेलं बघून तू पाय उचललास, तर उतरतो."

अक्का कामाला लागली. सगळ्या सिलिंडरांचा धूर जिथे एकत्र येतो, तो ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड तिने अख्खा उतरवला. जागेवरच भोक पाडलं असतं तर अर्धा दिवस वाचला असता. पण लोखंडाचा कीस पुढे टर्बोत, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्यात गेला असता, तर त्याच्या पात्यांचा चुरा झाला असता. तिने मॅनिफोल्डला भोक पाडलं, आत आटे पाडले आणि पेन्सिलीएवढा, ताप मोजणारा एक प्रोब घट्ट आवळून बसवला. त्याची वायर तापणाऱ्या भागांपासून लांबून केबिनमध्ये आणली. स्टिअरिंगशेजारी काट्याचा मीटर लावला आणि त्यावर सातशे अंशांपाशी लाल रेघ ओढली.

काटा रेघेला टेकला की पाय उचलायचा आणि गियर खाली घ्यायचा, एवढंच तिने सांगितलं.

पहिल्याच खेपेला, तिसऱ्या वळणावर काटा रेघेला टेकला.  इतकी वर्षं हे आपल्या पायाखाली चालू होतं आणि आपण गुणगुणत होतो, असं दगडोबाला वाटलं. त्याने गियर खाली घेतला. काटा सावकाश उतरला. ट्रक रांगत रांगत वर पोचला, तासभर उशिरा. पाडसं पाणी प्यायली. उशीर का झाला, हे एकाही पाडसाने विचारलं नाही.

असे बावीस दिवस गेले. बावीस खेपा झाल्या आणि बावीसही वर पोचल्या.

शहाण्यांच्या जंगलात ही गोष्ट इथेच संपली असती. पण आपल्या गोष्टीत लांडगे साहेब अजून यायचे आहेत.

लांडगे साहेबांना दिसलं, की मीटर बसवण्याआधी जंगलात गाडी तापल्याची एकही नोंद नव्हती. मीटर बसवल्यापासून गाडी रोज तापते. म्हणजे गाडी मीटरमुळे तापते. हे शोधून काढायला साहेबांना फक्त एक समिती लागली.

समितीत तिघं होते, आणि तिघांपैकी कुणीही कधी घाट चढलेला नव्हता, त्यामुळे निर्णय निःपक्षपाती होणार हे नक्की होतं. निर्णय असा झाला की मीटर काढायचा नाही, कारण महाराजांना आधुनिक गोष्टी आवडतात. फक्त प्रोब इंजिनापासून काढून सायलेन्सरच्या शेवटच्या टोकाला लावायचा. तिथे धूर बराच निवलेला असतो. लाल रेघ खरवडायची आणि मीटरची सगळी तबकडी हिरवी रंगवायची.

अक्काला बोलावून हे काम करायला सांगितलं, तेव्हा ती पाना खाली ठेवून म्हणाली, "साहेब, तापकऱ्याच्या तोंडातलं थर्मामीटर काढून तुम्ही शेजाऱ्याच्या तोंडात ठेवताय."

लांडगे साहेब शांतपणे म्हणाले, "शेजाऱ्याला ताप नाही ना, बाई? मग झालं तर."

अक्काने काम करायला नकार दिला. प्रजेत घबराट पसरवल्याबद्दल तिला ट्रकला हात लावायची मनाई झाली. प्रोब एका माकडाने हलवला. माकडाला हलवाहलवीचा अनुभव दांडगा होता.

त्याच आठवड्यात सिंहमहाराज पठारावर येणार असं जाहीर झालं. टाकी काठोकाठ भरलीच, शिवाय महाराजांचं दगडी सिंहासनही मागे चढवलं. वेळेत पोचायलाच हवं म्हणून लांडगे साहेब स्वतः दगडोबाच्या शेजारी बसले.

तिसरं वळण आलं. इंजिनाचा आवाज बदलला. केबिनमध्ये जळका वास यायला लागला. दगडोबाचा पाय आपोआप सैल झाला.

"साहेब, गाडी तापलीय."

"काटा कुठे आहे?"

"हिरव्यात."

"मग?"

या एका 'मग?'ला उत्तर द्यायला दगडोबाजवळ दोन गोष्टी होत्या, नाक आणि कान. दोन्ही खात्याच्या मान्यताप्राप्त साधनांत बसत नव्हत्या. त्याने वर पठाराच्या कडेकडे पाहिलं. तिथे पाडसं ओळीने उभी होती. मग त्याने शेजारी पाहिलं, आणि पाय दाबला. पाय दाबताना आपण काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि मुलांनो, त्याला सगळ्यात जास्त तेच लागलं.

पाचव्या वळणावर आतून हातोडा मारल्यासारखा आवाज झाला, पांढरा धूर निघाला आणि इंजिन बसलं. ट्रक मागे सरकू लागला. दगडोबाने ब्रेक ओढला आणि खाली उडी टाकून चाकांमागे दगड लावले. पिस्टन वितळला होता. काटा हिरव्यातच होता.

लांडगे साहेबांनी तिथेच अहवाल लिहिला. गाडी बंद पडली तेव्हा ताप पूर्ण नियंत्रणात असल्याचं मीटरवरून सिद्ध होत असल्यामुळे दोष चालकाचा ठरला. दगडोबाला घरी बसवण्यात आलं.

पाणी मात्र घाटात अडकलं होतं. तहानलेली जनावरं घाट उतरून ट्रकपाशी आली आणि टाकीच्या नळाला तोंड लावून प्यायली. हे पाहून साहेबांना सुचलं. दुसऱ्या दिवशी ट्रकवर फलक लागला : 'मध्यघाट पाणीपुरवठा केंद्र'. पठारापर्यंत चढायचे कष्ट वाचल्यामुळे महाराज प्रसन्न होते. त्यांनी फीत कापली, आणि पाणी प्रजेच्या इतक्या जवळ आणल्याबद्दल लांडगे साहेबांच्या गळ्यात हार घातला.

तीन दिवसांनी टाकी रिकामी झाली. ती भरायला दुसरा ट्रक नव्हता. मग पठारावरच्या जनावरांनी नदीची वाट धरली. साळूअक्का पुढे चालून सावलीच्या वाटा दाखवत होती. दगडोबा शेवटी होता. चालायचं त्राण नसलेलं एक पाडस त्याने पाठीवर घेतलं होतं. अर्ध्या वाटेवर ते त्याच्या कानात म्हणालं, "काका, तुम्ही हळू चाललात तरी चालेल."

दगडोबाने पाडसाला पाठीवर नीट सावरलं. तो हळू चालला.

पठार ओस पडलं. त्यानंतर तिथून पाण्याची एकही तक्रार आली नाही, याची खात्याच्या वार्षिक अहवालात ठळक अक्षरांत नोंद आहे.

तात्पर्य : संकट टाळणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, कारण टळलेलं संकट कुणाला दाखवता येत नाही. म्हणून मुलांनो, संकट आधी नीट येऊ द्यावं, मग त्यावर फलक लावावा. फीत कापायला राजे येतातच.