माझं दुमजली घर

घरकुल खात्याच्या साहेबांनो, तुम्ही मला घरमालक करून बेघर केलंत. हा आरोप मी भर सकाळी, पूर्ण शुद्धीत, हातातला रंधा बाजूला ठेवून करतो आहे.

मी सुतार. सव्वीस वर्षं लोकांच्या घरांना दारं बसवतोय आणि बायको-मुलीसह भाड्याच्या एका खोलीत राहतोय. त्यात घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं. "एक तारखेला खोली मोकळी करा," म्हणाला. नेमकी तेव्हाच तुमची योजना निघाली. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला स्वस्तात घर.

"फॉर्म एजंटकडून भरून घ्या," बायको म्हणाली.

"सातवी नापास असलो म्हणून काय झालं? माझं सगळं खरं आहे. खऱ्याला एजंट कशाला?"

"तुमचं खरंच नडतं."

सोडतीत नंबर लागला. मी गल्लीभर छाती काढून फिरलो. मग पडताळणीचा फोन आला.

"आपल्या मालकीचं कुठलंही बांधकाम?" कारकूनबाईंनी विचारलं.

"मागच्या परसात कोंबड्यांचं खुराडं आहे. मीच बांधलंय."

"कच्चं की पक्कं?"

आता स्वतःच्या हातच्या कामाला कच्चं म्हणू? "पक्कं. सागवानी."

"मजले?"

"दोन. मधे जिना आहे."

"खिडक्या?"

"चार. जाळीसकट."

"राहणारे किती?"

"सात."

"मोठं कुटुंब आहे."

"बाई, कोंबड्या आहेत त्या."

"कोण राहतं त्याला रकाना नाही. किती राहतात त्याला आहे."

बायकोनं कपाळाला हात लावला. "जिन्याचं सांगायलाच हवं होतं का?"

आठवड्यात पत्र आलं. अर्जदाराच्या मालकीचं दुमजली पक्कं घर असल्यानं अर्ज बाद.

मी कार्यालयात धावलो. "आजच मोडून टाकतो," म्हणालो.

"मोडू नका," साहेब म्हणाले. "पाच वर्षांत घर मोडलेला माणूस पहिल्यांदा घर घेणारा धरत नाहीत. दुसऱ्याच्या नावावर करून टाका."

मी त्याच दिवशी खुराडं मेहुण्याला बक्षीस लिहून दिलं. चौथ्या दिवशी मेहुणा दारात, हातात तसंच पत्र. त्यानंही अर्ज केला होता, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"दाजी, गळा कापायचा होता तर आधी एखादं अंडं तरी खिलवायचं," तो म्हणाला आणि खुराडं माझ्या नावावर परत करून गेला. खात्याच्या दप्तरात मी आता दोनदा घर घेतलेला माणूस झालो.

शेवटी मी हट्टच धरला. येऊन डोळ्यांनी बघा. तपासनीस टेप घेऊन आले. वाकून आत डोकावले, तर एका कोंबडीनं चष्म्यावर चोच मारली. तरी माणूस रागावला नाही. दाराच्या सांध्यावरून बोट फिरवत म्हणाला, "काय सुरेख काम आहे हो. आमच्या नव्या इमारतीत असं एक दार नाही."

सव्वीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी विरघळलो. त्यांनी कागद पुढे केला, मी सही ठोकली. ते गेल्यावर बायकोनं प्रत वाचली. 'बांधकाम पक्कं, हवेशीर, राहण्यास योग्य. मालकास मान्य.'

तिनं ती प्रत माझ्याच हातोडीनं खुराड्याच्या दारावर ठोकली. बरोबर केलं.

आणि माझ्या वाटणीचं घर गेलं कुणाला? नाक्यावरच्या ठेकेदाराला. त्याचा एक बंगला बायकोच्या नावावर, दुसरा आईच्या, तिसरा रांगणाऱ्या पोराच्या. स्वतःच्या नावावर काडीसुद्धा नाही. पहिल्यांदाच घर घेतोय बिचारा. तिथली दारं तुमच्या माणसांनी वाकडी बसवलीत, ती नीट करायला त्यानं मलाच बोलावलंय.

तर साहेब, एक तारखेला आम्ही तिघं तुमच्या दाखल्याप्रमाणे आमच्या घरी राहायला जातोय. घरमालकाला खोली हवी आहे, परस नको. खालच्या मजल्यावर बायकोचं डोकं मावतं, हे मोजून झालंय. वरच्या मजल्यावर एक कोंबडी अंड्यांवर बसली आहे, ती उठायला तयार नाही. तिला तिथून काढायचं कुणी, मी की तुमच्या खात्यानं? लेखी कळवा.