चुंगु नव्हे, छुंगु!

बी शेकुवेच्या साखरेच्या डब्यात मुंग्या निघाल्या तेव्हा मुलीचा निकाह दुसऱ्या दिवसावर आला होता. डब्यातून त्या हलव्याच्या परातीत गेल्या, परातीतून खजुरांत, आणि दुपारपर्यंत त्यांनी अंगणात अशी रांग धरली की नवऱ्याकडचं वऱ्हाड पोचायच्या आधी ह्यांचंच वऱ्हाड आलंय असं वाटावं.

मोंबासाच्या जुन्या वस्तीत मुंग्यांना छुंगु म्हणतात आणि रांधायच्या मातीच्या हंडीला चुंगु. ज्याला छत्री आणि चटई वेगळी कळते त्याला हा फरक उलगडून सांगायला नको. पण स्वाहिलीच्या शाळेच्या पुस्तकांत दोन्ही शब्द एकाच तऱ्हेने लिहितात, आणि नैरोबीकडून आलेल्या माणसाच्या जिभेवर दोन्ही चुंगुच. कानातही.

बी शेकुवेने फोन लावला तो नव्यानेच निघालेल्या एका सफाई कंपनीला. कंपनी कीड मारायची, अडगळ उचलायची, छपरंही दुरुस्त करायची. फोनवर नैरोबीचा गितोंगा होता.

"अरे बाळा, घरात छुंगु झालेत. माणसं पाठव."

"चुंगु? किती आहेत, मावशी?"

"आता मोजत बसू होय? अंगण भरलंय नुसतं."

"लहान की मोठे?"

"मोठे. काळेकुट्ट."

"रिकामे आहेत की भरलेले?"

बी शेकुवेला हा प्रश्न जरा चमत्कारिक वाटला, पण पोरगा कामात बारीक दिसतो असं तिने मनाशी म्हटलं. "भरलेले तर काय! हलवा खाऊन टम्म झालेत. सगळे न्या. एकसुद्धा मागे ठेवलात तर बघा. मी बाजारात चाललेय, घरी आमचे हे आहेत."

त्याच अंगणात, भिंतीच्या सावलीला, लग्नासाठी गल्लीभरातून मागून आणलेल्या मातीच्या हंड्या ओळीने मांडल्या होत्या. खोबऱ्याच्या दुधातला भात आणि मासे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात शिजवणं म्हणजे बी शेकुवेच्या मते पाहुण्यांचा अपमान होता. धूर खाऊन काळ्या झालेल्या त्या हंड्या कुणाच्या सासूच्या होत्या, कुणाच्या आजेसासूच्या. देणारीने प्रत्येक हंडी मुलगी सासरी पाठवावी तशी डोळे पुसत दिली होती.

कंपनीची माणसं टेम्पो घेऊन आली तेव्हा बी शेकुवेचा नवरा अथमान दाराशी ओट्यावर पेंगत होता.

"बाबा, चुंगु न्यायला आलोय. मावशींचा फोन होता."

"सगळे?"

"एकसुद्धा मागे ठेवायचा नाही म्हणाल्या."

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला 'का' विचारून अथमानचं कधी भलं झालं नव्हतं. तो उठला आणि मोठी हंडी टेम्पोत चढवायला त्याने स्वतः हात लावला.

बी शेकुवे नारळांची पिशवी घेऊन परतली तेव्हा अंगणात एकही हंडी नव्हती. मुंग्या मात्र ऐसपैस पसरल्या होत्या.

"अहो, माझे चुंगु कुठायत?"

"नेले की. तूच सांगितलंस ना?"

"मी छुंगु न्यायला सांगितलं!"

"तेवढे राहिले बघ," अथमान खाली पाहत म्हणाला.

तिने फोन उचलला. "माझे चुंगु परत आण! मी छुंगु न्या म्हटलं होतं, चुंगु नव्हे!"

"मावशी," गितोंगा अदबीने म्हणाला, "चुंगु न्या म्हणालात, चुंगु नव्हे. असंच ना?"

मुलगा सुलेमान तिथेच तोरण बांधत होता. तो म्हणाला, "आई, तू आपली 'सिसिमिझी' म्हण ना. पुस्तकातला शब्द आहे. सगळ्या देशाला कळतो."

"माझ्या घरातल्या मुंग्या सगळ्या देशाला कशाला कळायला हव्यात?" बी शेकुवे कडाडली. "माझी आई छुंगु म्हणायची, तिची आई छुंगु म्हणायची. कालच्या पोरांना ऐकू येत नाही म्हणून मी माझा शब्द टाकू? काढा रिक्षा!"

कंपनीच्या कचेरीत मॅनेजर केरुबोबाई बसल्या होत्या आणि कोपऱ्यात फोनपाशी गितोंगा. बोलायला गोड, नियमाला दगड. "मावशी, दिलेली अडगळ परत मिळत नाही. चूक कंपनीची असेल तरच. सामान मागच्या आवारात आहे. संध्याकाळी फोडून भरावाला जातं."

"फोडून?" बी शेकुवेने तिथली खुर्ची ओढली आणि बुरखा सावरून तिच्यात ठाण मांडलं. "मग चूक तुमची आहे हे आत्ता इथेच दाखवते. नाहीतर माझ्यासकट घ्या भरावाला."

फोनवरचं बोलणं कंपनी ध्वनिमुद्रित करायची. केरुबोबाईंनी ते लावलं. बी शेकुवेचा आवाज आला आणि नेमक्या त्या शब्दाला फोनमध्ये फस्सकन आवाज झाला.

"ऐका! चुंगु म्हणालात," केरुबोबाई म्हणाल्या.

"आणि तो फस्स?"

"ती फोनची खरखर."

"खरखर?" बी शेकुवे उभी राहिली. "तो माझ्या भाषेचा श्वास आहे, बाई!" तिने टेबलावरचा पातळ कागदी रुमाल ओढला आणि तोंडासमोर धरला. "चुंगु." रुमाल ढिम्म. "छुंगु!" रुमाल फडफडत केरुबोबाईंच्या नाकापर्यंत गेला. "हंडीला वारा नाही, मुंगीला वारा. आता म्हणा."

"मी?"

"तुम्ही. आणि हा पोरगाही. मी हलत नाही."

केरुबोबाईंनी म्हणून पाहिलं. रुमाल हलला नाही. पुन्हा जोर केला तेव्हा रुमाल हलला, पण त्याला श्वासापेक्षा थुंकी जास्त कारणीभूत होती. गितोंगा मात्र कोपऱ्यात तळहात तोंडासमोर धरून एकटाच पुटपुटत होता. एकाएकी त्याचे डोळे मोठे झाले.

"आला! मावशी, वारा आला! असे आणखी शब्द आहेत का हो?"

"ढीगभर. पा म्हणजे छप्पर, फा म्हणजे हरीण."

गितोंगाचा चेहरा उतरला. "मॅडम, किलिफीच्या वाटेवरचे ते आजोबा आठवतात? मळ्यात पा शिरलंय, काढून टाका म्हणत होते?"

"हो. मग?"

"आपण त्यांचं छप्पर काढून आलो."

केरुबोबाईंनी रुमालाची घडी घातली, मग पुन्हा उलगडली. त्या आजोबांनी पुढे सतरांदा फोन करून केलेला आरडाओरडा त्यांना आता पहिल्यांदा नीट कळत असावा. शेवटी त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "गितोंगा, मागचं आवार उघड. सगळं सामान स्वतः घरपोच कर. आणि येताना किलिफीला जाऊन ये."

"उद्या जाईल," बी शेकुवे म्हणाली. "आज हंड्या. आणि उद्या आधी जेवायला. तुम्हीही या."

हंड्या धडधाकट परत आल्या. मुंग्यांनी तोवर हलवा संपवला आणि कुणी न सांगता त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी भाताचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. बी शेकुवे चार बायकांत बसून कालची लढाई पुन्हा पुन्हा सांगत होती आणि दर खेपेला केरुबोबाईंची थुंकी थोडी लांब उडत होती. शर्टाच्या बाह्या दुमडून गितोंगा वाढायला उभा होता. आता आपल्याला किनाऱ्यावरची भाषा येते, ह्या आनंदात तो होता.

तेवढ्यात नवरदेवाची आई, लामू बेटावरची बी मुनीरा, पंगतीतून त्याच्याकडे बघत म्हणाली, "न्डो!"

न्डो म्हणजे बादली. गितोंगा धावत गेला आणि बादली घेऊन आला. बी मुनीराने बादलीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "न्डो, बाळा, न्डो!"

त्याने आणखी एक आणली. तिसरी आणायला तो वळला तशी बी शेकुवेने त्याचा हात धरला.

"अरे, त्या 'ये' म्हणतायत. लामूकडे ये ला न्डो म्हणतात."

"असं होय?" गितोंगाने तळहात तोंडासमोर धरला. "मग वारा कशाला? बादलीला की ये ला?"

"वाराबिरा कुणालाच नाही," बी मुनीरा ताठ मानेने म्हणाली. "आमच्यात दोन्ही एकसारखंच. त्या मोंबासावाल्यांच्या फुंका. अस्सल स्वाहिली आमच्याकडची."

बी शेकुवेने तोंड उघडलं. आदल्या दिवशी तिने अख्खी कचेरी गप्प केली होती. पण समोर मुलीची सासू होती. तिने तोंड मिटलं.

"पण आजी," गितोंगा काकुळतीला आला, "मग माणसाने ओळखायचं कसं?"

"त्यात काय ओळखायचंय?" बी मुनीराने भाताचा घास चावत सांगितलं. "हाक मारली की आधी यायचं. मग बादली हवी का विचारायचं."

पंगत संपेपर्यंत गितोंगा हातात बादली घेऊनच वावरला.