पाहुण्यांनी डावीकडे बसावे

आमच्या घरी पाहुणा आला की त्याला पाणी नंतर मिळतं, आधी खडूच्या चौकोनात बसावं लागतं. हा चौकोन शकूवन्संनी, म्हणजे माझ्या नणंदेनं, कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूनं पडवीत आखलेला आहे. माझ्या खुर्चीच्या डाव्या अंगाला, जरासा मागे. पाहुणा चुकून समोरच्या खाटेकडे वळला की आतून आरोळी येते, "ओ, तिकडं न्हाई! हिच्या डावीकडं बसा!"

मागच्या महिन्यात तलाठी आले होते. तोवर चौकोन सरकत सरकत जवळजवळ माझ्या पाठीमागे गेला होता. बिचारे फाइल मांडीवर घेऊन वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे बसले. जाताना मला हळूच म्हणाले, "आजी, आमचं काही चुकलं का?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझी मान डावीकडे वळत नाही, एवढंच. तीन वर्षांपूर्वी डाव्या गालाच्या आत कॅन्सर निघाला. पुण्याला ऑपरेशन झालं, गालाबरोबर मानेतल्या गाठीही काढल्या, मग सहा आठवडे लाईट दिली. रेडिएशनला आमच्या कवठ्यात लाईटच म्हणतात. कॅन्सर गेला. भेटेल तो म्हणतो, सुटलीस बाई. खरं आहे. पाहुणा गेला, पण त्याचं अंथरूण अजून माझ्या मानेवर पडलंय. सकाळी उठते तेव्हा कुणीतरी मानेत लाकूड ठोकून गेल्यासारखं वाटतं. दुपारी ते थोडं मऊ होतं, दिवेलागणीला पुन्हा लाकूड. दुखणं असं, की ओरडावं इतकं नाही आणि विसरावं इतकंही नाही. शिरूरला फिजिओची मुलगी आहे, तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "आजी, हे बरं करायचं नाही, सांभाळायचं आहे. रोज तीनदा व्यायाम. सोडलात तर मान आणखी आखडेल, पुढे घास गिळायलाही जड जाईल." मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, कायम. आता मी आयुष्यात कायम असं काहीच केलेलं नाही. संसारसुद्धा मधूनमधून टाकून माहेरी जात होते.

तंबाखूची मिश्री तेवढी नेमानं लावली. अंगणवाडीत तीस वर्षं पोरांना दात घासायला शिकवलं आणि त्यांची खिचडी शिजेपर्यंत मागच्या दारी जाऊन स्वतः मिश्री लावली. कुणाला कळत नाही, असं वाटायचं. ती पोरं आता बाप झालीत. परवा त्यांतलाच एक म्हणाला, "बाई, आम्ही दाराच्या फटीतून बघायचो."

वन्सं माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. बावीस वर्षांच्या असताना नवऱ्याचं घर सोडून आल्या त्या शिलाई मशीनचं नुसतं डोकं काखोटीला मारून. खालचा सांगाडा आठ दिवसांनी बैलगाडीतून आणवला. का आल्या ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची छाती कुणाची झाली नाही. तेव्हापासून त्यांच्या गळ्यात टेप आहे. लग्नात, मयतीत, ग्रामसभेत, टेप गळ्यात. माणूस दिसला की आधी नजरेनं माप. आमच्या सरपंचांकडे बघून म्हणाल्या, "ह्याचा उजवा खांदा दोन इंच उतरलाय. या इलेक्शनला पडतोय बघ." पडला. तेव्हापासून उमेदवार त्यांच्यासमोरून ताठ चालतात.

पन्नास वर्षं त्यांनी गावाची पोलकी शिवली. आता कुणी येत नाही. पोरी रांजणगावला कंपनीत जातात, बसमधून उतरल्या की अंगात कुर्ते, तेही तयार. एकदा एकीला थांबवून वन्संनी आतली चिठ्ठी वाचायला लावली. ती म्हणाली, मीडियम. वन्सं दिवसभर धुमसत होत्या. "मीडियम म्हंजी काय माप झालं? मीडियम कुणाची छाती? मीडियम कुणाचा दंड?"

माझं आणि त्यांचं पूर्वी पटत नव्हतं. दोष माझा, पण तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि त्या वयात दोष नसतो, हक्क असतो. मला वाटायचं, माझ्यासारखी मान साऱ्या तालुक्यात नाही. विहिरीवर जाताना दहा पावलांवर एकदा वळून बघायची, कुणी बघतंय का. बहुतेक वेळा म्हैस बघत असायची. भावाच्या लग्नाला मी वन्संना मागून खोल गळ्याचं पोलकं शिवायला सांगितलं. त्यांनी दोन इंच गळा वर घेतला. म्हणाल्या, "पाठीची हाडं दिसत्यात तुझी, झाकून ठेव." मी ते पोलकं त्यांच्या मशीनवर फेकलं आणि दोन वर्षं बोलले नाही. एका घरात राहून! समोर आल्या की फट्‌कन मान फिरवायची. काय सहज फिरायची हो तेव्हा! तीच पोरगी आज भेटली तर तिला सांगेन, बाई गं, जपून खर्च कर.

हे गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो, आणि मग हे दुखणं आलं. पुण्याहून आणलं त्या दिवशी वन्संनी माझ्या मानेवर बोट फिरवलं, कापडाचा पोत बघतात तसं, आणि निकाल दिला. "खळीचं कापड झालंय. वढायचं न्हाई. वाफ द्यायची आन् हळूहळू सोडवायचं."

तेव्हापासून सकाळी साडेसहाला माझी हजेरी. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल आधी त्या स्वतःच्या मनगटावर धरतात, कारण लाईटच्या जागी मला चटका कळत नाही. मग खोबरेल तेलाचं बोट त्या जुन्या टाक्यांवरून. तोंड चालूच, "कुणी शिवलंय हे? टाका बरा हाय, पर कड दुमडली न्हाई नीट." उशी त्यांनी तीन रात्री उसवून पुन्हा शिवली, माझ्या मानेला बरोबर बसेपर्यंत. मला वर बघता येत नाही म्हणून देव्हारा खाली आणला. शेजारची ताराबाई कुरकुरली, देव कमरेच्या उंचीला? वन्सं म्हणाल्या, "देव खालीच बघत्यात. त्यांची मान चांगली हाय."

चौकोनाची कल्पनाही ताराबाईवरूनच निघाली. व्यायामाला मी नाही नाही ते बहाणे करते, पण ताराबाई सुनेच्या बातम्या सांगू लागली की मी जीव गेला तरी तिच्याकडे वळते, हे वन्संनी हेरलं. तिला डावीकडे बसवलं. दर पंधरा दिवसांनी चौकोन दोन बोटं मागे. मीही वळत गेले.

व्यायाम झाला की माप. हनुवटीच्या टोकापासून खांद्याच्या हाडापर्यंत टेप. मान जितकी जास्त वळेल तितका आकडा कमी. माझी मान खाली वाकत नाही, त्यामुळे टेप मला दिसत नाही. आकडा वन्संच वाचतात. मागच्या दिवाळीत सव्वासहा इंच होता. संक्रांतीला सहा, पाडव्याला साडेपाच, श्रावणात पावणेपाच. प्रत्येक आकडा लगेच दौंडला फोनवर. तिथं माझी लेक रेखा राहते. तिनं स्पष्टच सांगितलं होतं, "आत्या, या दिवाळीच्या तपासणीत सुधारणा दिसली नाही, तर मी आईला कायमची दौंडला आणणार. इथं घराजवळ रोज फिजिओ मिळतो. तुला एकटीला किती जमणार?" वन्सं फोनमध्ये ओरडायच्या, "अगं, पावणेपाच! ऐकलं का? पावणेपाच!"

मधे एकदा मला फार कंटाळा आला होता. उन्हाळा होता. सकाळी टॉवेल आला आणि मी म्हटलं, "वन्सं, बास. आखडायची तर आखडू दे. अडुसष्ट वर्षं झाली, आता कुणाकडं वळून बघायचंय मला?" त्यांनी टॉवेल पुन्हा पिळला. टेप लावला आणि म्हणाल्या, "पाच. आज पाच झालं, सुमे." आता पाच झालंय म्हटल्यावर माणूस सोडतं का? मी दुसऱ्या दिवशी बसले. मनातल्या मनात तर पुन्हा विहिरीच्या वाटेवर चालायला लागले होते.

दिवाळी झाली आणि तपासणीला शिरूरला गेलो. रेखाही दौंडहून थेट तिथं आली. फिजिओच्या मुलीनं मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "वळा डावीकडे." मी दिमाखात वळले. ती हसली. "आजी, मान नाही वळत, कंबर वळतेय." मग तिनं माझे दोन्ही खांदे धरले. "आता वळा."

वळले. जेवढी वळले तेवढी वळले.

तिनं टेप लावला. "सोळा सेंटिमीटर. मागच्या दिवाळीइतकंच."

सोळा म्हणजे सव्वासहा. हे गणित पन्नास वर्षं टेप धरणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. मी स्टुलासकट वन्संकडे फिरले. त्या भिंतीवरचं पाठीच्या कण्याचं चित्र बघत होत्या, जसं काही त्यांना ते शिवायलाच घ्यायचंय.

"म्हणजे वर्षभरात काहीच नाही?" रेखा म्हणाली. "आत्या, तू तर फोनवर..."

वन्संनी गळ्यातला टेप पदराखाली सारला.

ती मुलगीच मध्ये पडली. "ताई, लाईटनंतर मान वर्षावर्षाला आखडत जाते. यांची तितकीच राहिली, ही कमाई आहे. घरी कोण करून घेतं?"

बाहेर आल्यावर रेखा म्हणाली, "आई, मी ओढून नेणार नाही. खोली तयार आहे. तू ठरव आणि सांग." आणि ती दौंडच्या गाडीला गेली.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "वन्सं, दीड इंच कुठं गेला?"

त्यांनी तिकिटाची बारीक घडी घातली. मग म्हणाल्या, "बाई वरसानं मापाला आली आन् कंबर वाढली असली, तर मी कवा तिच्या तोंडावर बोलले न्हाई. टेप ढिला धरायचा. ती हसत जाती, पुन्यांदा येती." आणि पुढे, "तूबी उठली असतीस टॉवेल फेकून. उन्हाळ्यात."

"आणि रेखाला?"

त्यांनी गळ्यातला टेप काढला, गुंडाळला आणि पिशवीत टाकला. "उद्यापास्नं तुझं तू बघ. खोट्या मापाच्या शिंप्याकडं कोण येतं?"

दुसऱ्या दिवशी साडेसहा वाजले, टॉवेल आला नाही. सात वाजले. तीन वर्षं मी देवाकडे हीच सुट्टी मागत होते. मिळाली आणि करमेना. स्वयंपाकघरात भांडं वाजलं नाही, शिव्या नाहीत. त्या आपल्या खोलीत, दार लोटलेलं.

मग मीच खुर्चीत बसले आणि मोठ्यानं, अंगणवाडीच्या आवाजात, मोजायला लागले. "एक! दोन! तीन! चार! पाच! सहा! आठ!"

दाराआड हालचाल.

"नऊ! अकरा!"

"दहा कुठं मेला?" आतून आवाज आला. "आन् सात?"

"आमच्या मापात नसतात," मी म्हटलं.

दार उघडलं. पावलं माझ्या मागे येऊन थांबली. टेप आणलेला नव्हता, हे आवाजावरूनच कळलं, त्याच्या टोकाचा पत्रा नेहमी वाजतो. वन्संनी दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले, त्या मुलीनं धरले तसेच, कंबर वळू नये म्हणून. "आता वळ. खरं."

वळले. जेमतेम. ताण कानापासून खांद्यापर्यंत चरचरत गेला. मी मोजायला सुरुवात केली. चारला त्यांनी माझ्या पाठीशी बोलल्यासारखं विचारलं, "दौंडला कवा जायचं म्हणतीस?"

मला त्यांचं तोंड बघायचं होतं. पण ते बरोबर तिथं होतं, जिथवर माझी मान पोचत नाही. म्हणून मी समोरच्या खांबालाच सांगितलं, "रेखाच्या खोलीत पलंगाच्या डावीकडं भिंत हाय. भिंतीकडं वळून बघण्यासारखं काय असतं? पाच. सहा. सात."

मी मान तशीच धरली.

"आठ. नऊ. दहा."

दहा झाले की हात निघतात. निघाले नाहीत. नुसते होते तिथंच होते, जरा जड झालेले. मी अकरा म्हटलं. बारा म्हटलं. मान भाजत होती, पण मोजत राहिले. एकोणीसला मागे नाक ओढल्याचा आवाज आला.

"ईस," वन्सं म्हणाल्या. "आता उजवीकडं."