साहेबांच्या पाठीवरचा कापूस

रामाकोन्यातल्या मजुरांच्या मुलांची शाळा शेतकरी यशवंतरावांच्या खोलीत भरे. ते भाडं घेत नसत. म्हणून अवकाळी पावसात त्यांनी घरचा कापूस तिथं आणून ओतला, तेव्हा शिक्षिका पुष्पाबाईंना नाही म्हणवेना. नेमकी त्याच दुपारी शाळेची तपासणी होती.

“भाऊ, शाळेची मान्यता गेली तं हे पोरं पुन्हा दिवसभर वावरात जातीन! हलवा न हा ढीग!”

“पानी येऊन राह्यलं बाई, हलवू कुठी? पोराईलेच बसवा त्याच्यावर.”

दुसरा इलाज नव्हता. बाईंनी खुर्ची बाहेर काढली, कापूस खोलीभर पसरून घेतला आणि वरून टाटपट्ट्या अंथरल्या. त्या काही पुरल्या नाहीत. एरवी गार फरशीवर बसणारी मुलं गादीत रुतली. पहाटेपासून आयांबरोबर वेचणी करून आलेली ती. बाईंची तान्ही कमल घरी दिवसा कधी डोळा मिटत नसे, रडून रडून आईलाही निजू देत नसे. तिला कोपऱ्यात ठेवली, तर मूठ तोंडात धरूनच झोपली. तिच्याकडे बघून मीनाला जांभई आली. मीनाची गुणवंताला लागली, आणि मग ती ओळीनं सगळ्यांना लागली.

तपासणीचे साहेब यशवंतरावांकडे जेवून, पावसात भिजत आले.

“बाई, अर्धा वर्ग झोपलाय!”

“उठवतो न साहेब. तुम्ही टेका जराक.”

साहेब भिंतीपाशी कापसातच बसले. “सतराचा पाढा कोण म्हणतं?”

गुणवंता उठून म्हणू लागला. सतरा पाचे पंच्याऐंशीपर्यंत साहेबांची मान हलत होती. पुढं ती भिंतीला टेकली.

जाग आली तेव्हा दारात आया मुलांना न्यायला उभ्या होत्या. साहेब ताडकन उठले.

“वर्गात झोपा काढतात! वर लिहावंच लागेल. अशी मान्यता टिकत नसते.”

साहेब जायला वळले आणि आयांनी तोंडाला पदर लावले. साहेबांचा ओला कोट पाठभर पांढरा झाला होता, डोक्यावरही कापूस.

त्यातल्या अंबाबाईचा जन्म वेचणीत गेलेला. कापूस दिसला की तिचे हात थांबत नसत.

“उभे राहा सायेब, बोंडावानी उलून पांढरे होऊन राह्यले तुमी!” असं म्हणत ती दोन्ही हातांनी पाठ वेचून ओटीत भरू लागली.

“अंबाबाई,” यशवंतराव बाहेरून ओरडले, “थो माह्या ढिगात टाकजो!”

“मंग वेचाईची मजुरी काढा!”

साहेब मान खाली घालून उभे होते. अंबाबाई कॉलरपर्यंत पोचली तेव्हा पुष्पाबाईंनी हळूच विचारलं, “साहेब, वर काय लिहिता मंग?”

साहेबांनी बाहीवरचा एक पुंजका स्वतःच काढून अंबाबाईच्या ओटीत टाकला.

“लिहितो... वर्गात शांतता चांगली आहे.”

मान्यता टिकली. पुढच्या वर्षी साहेबांचा निरोप आला: “तपासणीला यायचं आहे. यशवंतरावांचा कापूस शाळेत आला की कळवा.”