फ्लोराइडच्या हातावर दही

नव्या नियमानुसार आमच्या झऱ्यातलं फ्लोराइड मंगळवारी दुपारच्या एसटीने गाव सोडून जाणार होतं, आणि सकाळपासून माझा पाय घरात ठरत नव्हता! झऱ्याचं पाणी बाटल्यांत भरून विकायचा आमच्या बचत गटाचा परवाना तेवढ्यावर अडला होता. फ्लोराइडने आपल्या पायांनी जायचं आणि दिवस मावळेपर्यंत पाण्यात पुन्हा दिसायचं नाही. दिसलं, तर झऱ्यालाच कुलूप.

तपासनीस ढेंगळेसाहेब झऱ्याशी खुर्ची टाकून बसले. फ्लोराइड गाळणीतून बाहेर आलं. अंगाने फिकट, हातात कापडी पिशवी, नजर खाली. त्याच्या मागोमाग कॅल्शियमही निघालं.

"तुम्ही कुठे?" साहेबांनी विचारलं.

"स्टँडपर्यंत. याला पोचवायला."

"जमणार नाही. परवानगी फक्त फ्लोराइडला आहे. बाकीच्या क्षारांनी जागचं हलायचं नाही."

कॅल्शियम परत पाण्यात उतरलं.

सगळं कसं झकास चाललं होतं! तेवढ्यात माझ्या सासूबाई काठी टेकत आल्या. या फ्लोराइडनेच त्यांचे दात पिवळे केले, गुडघे आखडवले. मला वाटलं, आता त्याची चांगली खरडपट्टी निघणार. सासूबाईंनी पदराखालून वाटी काढली आणि त्याच्या हातावर दही घातलं.

मी कपाळावर हात मारला. निघालेल्याच्या हातावर दही घालतात ते त्याने सुखरूप परत यावं म्हणून!

"आई, हे काय केलंत?"

"गावचंच आहे ना बाप्पा ते. कोरड्या हातानं कसं जाऊ द्याचं?"

फ्लोराइडने दही चाटलं, वाकून नमस्कार केला आणि ते गाडीत बसलं.

"दही खाल्लेल्याला गावात यायला मज्जाव करता येत नाही," साहेब गंभीरपणे म्हणाले. "पण पाण्यात उतरलं, की परवाना गेला."

परतीच्या गाडीने ते आलंच. उन्हातान्हात हिंडून पार सुकलं होतं बिचारं. सरळ झऱ्याकडे निघालं. आम्ही गटाच्या बाया हात धरून आडव्या उभ्या राहिलो. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं.

"पाण्यात नोको उतरू," सासूबाईंनी आमच्या ओट्यावरून हाक मारली. "बस अठी. चहा मांडते."

"चहात पाणी असतं," साहेब ताडकन उठले.

"माह्या चहात नसते. नुसत्या दुधाचा करते."

"आणि दुधात?"

"माह्या म्हशीच्या दुधात?" सासूबाईंनी असं काही पाहिलं, की साहेब पुन्हा खुर्चीत बसले.

चहा उकळला. नियमाप्रमाणे पहिला घोट साहेबांनी चाखला, मान डोलावली आणि कप फ्लोराइडपुढे सरकवला. ते फुंकर घालून, सावकाश प्यायलं. तेवढ्यात दिवस मावळला. मिळाला, परवाना मिळाला! आम्ही बायांनी तिथेच फुगडी घातली.

फ्लोराइड आता आमच्या ओट्यावरच असतं. संध्याकाळी सासूबाई गुडघे चोळत त्याच्याशी गप्पा मारतात. कप विसळायला मात्र त्याला कुणी सांगत नाही.