श्शू, डोळा चाललाय

पेणच्या एसटीचा हॉर्न ऐकला की दामूअण्णांच्या कुत्र्याला लघवीला व्हायची. यात कुत्र्याचा काही दोष नव्हता. अण्णांनीच त्याला तसं शिकवलं होतं.

मी मूळची रोह्याजवळच्या वरसे गावची. नव्वद सालानंतर माझी जोह्याच्या शाळेत बदली झाली आणि अण्णांच्या शेजारची खोली मिळाली. जोहे म्हणजे गणपतींचं गाव, घरोघरी मूर्तींचे कारखाने. अण्णा बाळाशेठच्या कारखान्यात आखणी करायचे, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचे. सोंड, कान, पितांबर कुणीही रंगवा, डोळे मात्र अण्णांचेच. आणि डोळा चालू असताना जवळपास कुणी शिंकलेलंही त्यांना खपत नसे. ओठांवर बोट ठेवून ते म्हणायचे, "श्शू! डोळा चाललाय." हे इतकं अंगवळणी पडलं होतं की एसटीत आणि एकदा तर चक्क बारशातही मी त्यांच्या तोंडून ते ऐकलं आहे. घरात ते एकटेच. बायको मी येण्याच्या दोन वर्षं आधी वारली होती. महिनाभरात मीसुद्धा त्यांच्या ओट्यावरून चपला हातात घेऊन जायला लागले.

अशा माणसाच्या गळ्यात कुत्र्याचं पिल्लू पडलं. मूर्तींखाली घालायला आणलेल्या पेंढ्यातून ते निघालं. तांबूस, डोळे किलकिले करणारं. अण्णांनी नाव ठेवलं गेरू. पहिल्याच दिवशी गेरूनं वाळत ठेवलेले सात मातीचे उंदीर भिजवले. बाळाशेठ कडाडले, "अण्णा, ह्ये देवाचं काम हाय. परत मुतला नायतर कामाच्या वेळी भुंकला, तर पेंढ्याच्या टेम्पोत घालून पेणला धाडीन!"

अण्णांनी हे फारच मनाला लावून घेतलं. एसटी दिवसातून पाच वेळा यायची आणि कारखान्याच्या वळणावर हॉर्न द्यायची. हॉर्न वाजला की अण्णा गेरूला उचलून बांधावरच्या शेवग्याखाली नेऊन उभं करायचे. पंधरा दिवसांत गेरू पक्का तयार झाला. इतका पक्का, की एकदा गाडी वाटेत बंद पडली तर बिचारा पोट आवळून दारात बसून राहिला. शेवटी अण्णा स्वतः वळणावर गेले आणि त्यांनी तोंडानं हॉर्न वाजवला, "पों... पों..."

भुंकण्याचं प्रकरण मात्र अवघड होतं. श्रावणात कारखान्यात शे-दीडशे पांढरे गणपती ओळीनं बसलेले असत, सगळे बिनडोळ्यांचे. दुपारी कौलांच्या फटींतून उन्हाच्या तिरिपा यायच्या, त्यांत पांढरी धूळ तरंगत राहायची, बाहेर भात डुलत असायचं. दारात उभं राहिलं तरी आपण जागे आहोत की झोपेत, हेच कळायचं नाही. त्या गणपतींमधून गेरू खुशाल हिंडायचा. पण एखाद्याला डोळे आलेले दिसले, की मागे सरकून जीव तोडून भुंकायचा. अण्णा मनातून सुखावायचे. "बाई, याला कळतंय बघा. देव बघाया लागला की ह्यो बोलतो." तरी टेम्पोची धास्ती होतीच.

मग त्यांच्या लक्षात आलं की पहिल्या रेघेपासून गेरू समोर असला तर भुंकत नाही. तयार डोळे अचानक दिसले तरच दचकतो. त्या दिवसापासून आखणीला बसताना गेरू मांडीवर. "ही बघ, वरची पापनी. आता बुबुळ. घाबरू नको, आपलाच हाय." अशी एकेका गणपतीशी त्याची ओळख करून देत, दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत अण्णा डोळे पुरे करायचे. गेरू गप्प बसायला शिकला. पुढे तर तो मांजरालाही भुंकेना आणि पोस्टमनलाही.

एका मंडळाच्या मोठ्या गणपतीची आखणी होती, म्हणून मीही बघायला गेले होते. बाळाशेठ जातीनं उभे. दुपारची गाडी आलीच नव्हती. अण्णांनी वाट पाहून पाहून काम सुरू केलं. डावा डोळा झाला, उजव्याची निम्मी कड झाली, आणि हॉर्न वाजला. गेरू थरथरायला लागला. आवाज नाही, काही नाही, नुसता अण्णांकडे बघत राहिला. घेतलेला डोळा अर्धा सोडायचा नाही, हा अण्णांचा आयुष्यभराचा नेम. त्यांनी ब्रश खाली ठेवला, गेरूला उचललं आणि ते चालते झाले. बाळाशेठ, मी आणि एका डोळ्याचा गणपती, तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. अण्णा परतले, हात धुतले आणि उरलेला डोळा असा काही काढला, की बाळाशेठनी टेम्पोचं नाव पुन्हा घेतलं नाही.

गणपती गेले. रिकाम्या कारखान्यातून एका संध्याकाळी "भो... भो..." ऐकू आलं. मला बरं वाटलं. डोकावून पाहिलं तर गेरू शांत बसला होता आणि त्याच्यापुढे उकिडवे बसून अण्णाच भुंकत होते.

"काय झालं अण्णा?"

"ह्यो भुंकतच नाय बाई. डोळे संपले, आता भुंक म्हटलं, तरी नाय." थोडा वेळ ते गेरूच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "आमच्या मंडळीचं पण असंच झालं. लय बोलकी व्हती. मी सारखा श्शू, श्शू. मग सीझन सरला तरी ती हळूच बोलायची. दुखणं आलं, तेबी हळूच सांगितलंन. मला ऐकाया आलंच नाय."

मी आजूबाजूला पाहिलं, शाळेतलं कुणी नव्हतं. पदर खोचला, अण्णांच्या शेजारी बसले आणि मोठ्यानं भुंकले.

गेरूनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. आणि मान वर करून एकदाच, जरासं घोगरं, भुंकला.

सवयीनं अण्णांचं बोट ओठांवर गेलं. ते त्यांनी सावकाश खाली घेतलं.

"बोल," ते म्हणाले. "बोल रं, बोल."